मियामीचा तांदूळ

बस इथे, गोणीवर. रिकामीच आहे ती.
प्रश्न सावकाश विचार, बाळा,
माझी घाई संपून वर्षं झाली.

'परदेशी फौजा आल्यावर लोकशाही आली का?'
हो, नाही, सांगता येत नाही:
तुझ्या कागदावर तीनच चौकोन.
पेन ठेव जरा.

सप्टेंबर होता. आर्तिबोनीत नदीवरून हेलिकॉप्टरं
इतकी खालून गेली, की पाँ-सोंदेच्या बाजारात
वाळत घातलेलं भात उडून रस्ताभर झालं.
आम्ही बायका भात सोडून वर बघत राहिलो.
मी हात हलवला. खोटं कशाला सांगू,
दोन्ही हात हलवले.

त्याआधी तीन वर्षं माझा भाऊ दिमेस्ल
घरात झोपला नव्हता.
आज या मळ्यात, उद्या त्या, केळीच्या पाल्याखाली.
चौकीत नावांची एक वही होती.
वहीत नाव चढलेला माणूस
सकाळी डुकरांना सापडायचा.

लाल कानांच्या एका पोरगेल्या सैनिकानं
बुटानं चौकीचं दार पाडलं.
वही उलटी धरली, चाळली,
आणि समोर मी उभी होते म्हणून माझ्या हातात दिली.
दिमेस्ल सातव्या पानावर होता. खालून दुसरा.
हे लिही. मेर्सिल्या आभारी आहे, असं लिही.

मग बंदरावरून ट्रक आले.
पांढऱ्या गोण्या, निळी अक्षरं.
आतला तांदूळ लांब, स्वच्छ, एक खडा नाही,
आणि वास म्हणशील तर उकळलेल्या कागदाचा.
भाव आमच्या निम्मा.
रेडिओवर साहेब म्हणाले, बाजार मोकळा झाला,
आयातकर गेला, आता स्पर्धा करा.

स्पर्धा मला शिकवतोस?
बावीस वर्षं मी सिल्मेनच्या शेजारी बसले.
तिच्या मापाच्या डब्याला आतून पोचा आहे,
हे तिच्या नवऱ्याच्या आधी मला कळलं होतं.
पण ज्याचं तोंड दिसत नाही
त्याच्याशी भांडायचं कसं?
त्याचं सरकार त्याला पिकवायला पैसे देतं,
आणि आमच्या सरकारला म्हणतं,
छे छे, तुम्ही देऊ नका, वाईट सवय लागते.

थांब, एवढ्यावर मान हलवू नकोस.
मियामीचा तांदूळ मीही विकला.
नफा झाला. हा वरचा पत्रा त्यातलाच.
राजधानीत माझी बहीण म्हणायची,
पोरं आता दोन वेळा जेवतात,
तुझ्या खोऱ्याला काय चाटायचंय?
तिला उत्तर देता आलं नाही. अजून येत नाही.

पुढे एका वर्षी तिकडचाच भाव भडकला.
आम्ही मागे वळून पाहिलं
तर कालव्यात गाळ, गाळात बाभळी,
आणि पाणी सोडणारा एक्झांतिस
सीमेपलीकडे दुसऱ्याच्या विटा वाहत होता.

मतदान? केलं ना.
पहिल्यांदा पहाटे तीनपासून रांगेत होते,
लग्नातले बूट घालून.
अंगठ्याची शाई जाऊ नये म्हणून
चार दिवस भांडी सिल्मेनच्या पोरीनं घासली.
शेवटच्या वेळी शाळेत आम्ही अकरा जण होतो
आणि दोन कुत्री.
पेटी तीच. कुलूपही.
दार पाडता येतं, बाळा, बुटानं, एका लाथेत.
रांग कशी लावायची लाथेनं?

दिमेस्ल जिवंत आहे. म्हातारा झालाय, कुरकुरतो.
त्याला विचारलंस तर तो 'हो'वर खूण करील
आणि मग दिवसभर तुला शिव्या ऐकवील.
माझ्यासाठी कोणता चौकोन, ते तूच बघ.
तुला पगार त्याचाच मिळतो.

जाताना हा डबाभर घेऊन जा,
आमचा, इथल्या मातीतला.
चुलतभावानं बांधाकडेला थोडा लावलाय.
खडे आहेत, निवडून घे.
शिजताना झाकण काढू नकोस,
नाहीतर शेजारी येतील जेवायला.

पैसे? म्हणजे काय, द्यायचेच.
आणि जरा घासाघीस कर माझ्याशी,
किती दिवसांत कुणी केली नाही.